दोऱ्यांच्या रंगांत सांगितलेला सिनेमा

माझा आवाज जाडा आहे. लहानपणापासून तसाच. फोन उचलून मी हॅलो म्हटलं की पलीकडचा माणूस "दादा, वहिनी आहेत का घरात?" असं विचारतो, आणि मी काही न बोलता फोन ठेवून देते.

चौथीत असताना बाईंनी मला कविता म्हणायला उभं केलं होतं. पहिली ओळ झाली आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हशीसारखं रेकलं. सगळा वर्ग हसला. बाईंनीही तोंडाला पदर लावला. त्याच वर्षी आई आजारी पडली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मला घरी बसवलं. शाळा सुटल्याचं पुढे फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता चारचौघांत कविता म्हणायला लागणार नाही.

त्या वर्गात एक मुलगी हसली नव्हती. ती आमच्या गल्लीतच, दोन दारं सोडून राहायची. तीच माझी मैत्रीण. तिचा आवाज खणखणीत, जीभ त्याहून. मी बोलत नाही हे तिनं, दोघींत काम वाटून घ्यावं तसं, मान्य करून टाकलं. पाणी भरताना नळावर भांडायचं असेल तर माझ्या वाटणीचंही तीच भांडायची.

माझ्या लग्नात घास भरवायच्या वेळी सगळ्या बायका नाव घे म्हणून मागे लागल्या. उखाणा महिनाभर पाठ केलेला होता, पण तोंड उघडेना. ती माझ्या पाठीशीच बसली होती. तिनं माझा पदर माझ्या तोंडापुढे ओढला, खाली वाकली आणि माझ्या खांद्यामागून उखाणा म्हणून टाकला. नवरी लाजाळू दिसते पण गळा गोड आहे, असं बायका म्हणाल्या. ह्यांनाही तसंच वाटलं. चार दिवसांनी मी ह्यांना पहिल्यांदा "अहो, चहा ठेवू का?" असं विचारलं, तर म्हणाले, "सर्दी झाली का?"

नंतर मात्र त्यांनी आयुष्यात कधी माझ्या आवाजावरून काही म्हटलं नाही, हेही लिहायला हवं.

दोघींचीही सासरं कसब्यातच मिळाली, त्यामुळे आमची ताटातूट झाली नाही. पुढे आम्ही दोघी शिंप्यांकडची काज-बटणं करायला लागलो. शर्ट, झब्बे, सदरे शिवून तयार झाले की काजं करायला आणि बटणं लावायला आमच्याकडे यायचे. माझ्या खोलीच्या खिडकीत उजेड चांगला, म्हणून ती सकाळचं आवरून माझ्याकडे यायची. शिंप्यांशी बोलायचं तिनं, कपडे मोजून घ्यायचे मी. रेशनच्या दुकानातही दोन्ही कार्डं तीच पुढे करायची. तिथला माणूस एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या बाई मुक्या आहेत का?" ती म्हणाली, "मुकी नाही. बोलण्यासारखं माणूस तिला अजून भेटलं नाही." तो पुढे कधी काही बोलला नाही.

अशी आमची पस्तीस-चाळीस वर्षं त्या खिडकीत गेली. आमच्या कामात रंग ओळखणं हे अर्धं काम. कापडावर दोरा दिसता कामा नये. दुकानात रिळांना नंबर असतात, पण आम्ही दोघींनी आमची नावं ठेवली होती. एक रीळ पाणचट चहाचं, एक ओल्या विटेचं, एक उपासाच्या भगरीचं. एक हिरवा रंग होता त्याला ती शेजारणीच्या साडीचा म्हणायची, कारण ती साडी आम्हा दोघींनाही आवडायची आणि ती शेजारीण कोणालाच आवडायची नाही.

तिची नात सातवीत होती तेव्हा तिला एक सिनेमा बघायचा होता. परदेशातला, पण हिंदीत बोलणारा आणि हिंदीतच गाणारा. आईवडिलांना वेळ नाही, म्हणून तिनं आम्हा दोघींना नेलं. जादूच्या राज्याची गोष्ट होती. त्या राज्यात मूल जन्मलं की त्याच्या खांद्यावर एक पक्षी येऊन बसतो आणि जन्मभर त्याच्याबरोबर गातो. एका मुलीचा पक्षी पिवळाधमक, गोड गळ्याचा. तिच्या मैत्रिणीचा पक्षी काळा आणि घशात खडे अडकल्यासारखा ओरडणारा. ती मुलगी आपल्या पक्ष्याला शालीखाली झाकून हिंडायची. शेवटी एक दिवस ती त्याला नदीकाठी सोडून येते आणि त्यानंतर दोघी मैत्रिणींसाठी तो एकटा पिवळा पक्षीच गातो. मग एका सकाळी तोही उडून जातो आणि परतच येत नाही. तिथेच सिनेमा संपला. नात चिडली, दुसरा भाग येईल तेव्हा बघा म्हणजे काय, म्हणून.

मी त्या काळ्या पक्ष्यासाठी इतकी रडले, की माझी मलाच लाज वाटली. मैत्रीण सबंध सिनेमाभर मोठमोठ्यानं बोलत होती. "राणीच्या कोटाला बघ, बटणं पुरुषांच्या बाजूला लावलीत." मागच्या माणसानं शुक् शुक् केलं, तर मान न वळवता म्हणाली, "इथे पाली फार दिसतात."

दुसरा भाग यायला दहा वर्षं लागली. तेवढ्या काळात आमच्याकडे बरंच काही होऊन गेलं. माझे हे गेले. तिची नात शिकून हिंजवडीला नोकरीला लागली. आणि मैत्रिणीचे डोळे गेले.

ते एकदम गेले नाहीत. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. आधी तिनं एका काळ्या शर्टाला गडद निळ्या दोऱ्यानं बटणं लावली. मग एका सदऱ्याची बटणं अर्धं बोट खाली सरकली. ती घरी गेल्यावर मी ती उसवली आणि नीट लावली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मी पुन्हा उसवली. तिला वाईट वाटू नये, शिंप्यानं तिला काही बोलू नये, एवढंच मनात होतं. असं मी वर्षभर केलं. एका शब्दानं तिला म्हटलं नाही, की बाई गं, तुझ्या डोळ्यांचं काहीतरी बघ. एक दिवस ती जिन्यात पडली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर उरलेली सांभाळता आली असती, असंही म्हणाले. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते.

तेव्हापासून ती घराबाहेर पडेनाशी झाली. माझ्या खिडकीत येईना. मीच तिच्याकडे जायची. ती पूर्वीसारखी बोलायची, पण सगळं जुनं. नवीन काही तिच्याकडे येतच नव्हतं, आणि मी कुठली सांगणार? आम्ही दोघी तासन्‌तास बसायचो. कधी माझ्या पिशवीतली बटणं ती हातानं चाचपून चार भोकांची वेगळी आणि दोन भोकांची वेगळी करून द्यायची. आठ महिने ती उंबऱ्याच्या आतच होती. आता ही बाहेर पडली नाही तर कधीच पडणार नाही, असं मला रोज वाटायचं.

मग तो दुसरा भाग आला. नातीनं शनिवारच्या दुपारची तीन तिकिटं फोनवरून काढली आणि आजीला सांगितलं. मी तिथेच होते. मैत्रीण म्हणाली, "आंधळीनं सिनेमाला जाणं म्हणजे टकल्यानं कंगवा घेणं."

नात म्हणाली, "आजी, गाणी ऐकू येतातच. बाकीचं ही मावशी सांगेल ना. डायलॉग नसेल तिथे मावशी डिस्क्राइब करेल."

मैत्रीण हसली. "ही? भरलेल्या थेटरात? अगं, हिनं स्वतःच्या लग्नात तोंड उघडलं नाही."

मी म्हटलं, "सांगेन."

म्हटलं खरं.

शनिवारी नात येणार होती म्हणून मला थोडा धीर होता. पण ऑफिसात सुट्टीच्या दिवशीही काहीतरी निघालं. तिचा फोन आला, की ती अजून हिंजवडीलाच आहे, बस हललेली नाही, तुम्ही दोघी पुढे व्हा. आम्ही दोघीच रिक्षानं गेलो. त्या मॉलमध्ये सरकता जिना होता, तो मलाच जमत नाही. लिफ्ट कुठे आहे हे विचारायला मी तीन माणसांजवळ जाऊन परत आले. चौथ्याला विचारलं. मैत्रीण माझं कोपर धरून गप्प उभी होती. तिचं गप्प राहणं मला सवयीचं नाही.

आत गारठा होता. अंधार झाला आणि सिनेमा सुरू झाला. पहिल्या गाण्यात पडद्यावर इतकं काही होतं, बर्फाचा डोंगर, उंटासारखे प्राणी, हजार माणसं, हजार पक्षी. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता आणि माझ्या बाजूला कान केला होता. माझ्या घशातून शब्द निघेना. ते गाणं तसंच संपलं. दुसरा प्रसंग आला, त्यात फक्त वाजत होतं, कोणी बोलत नव्हतं. तरी मी गप्पच.

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला, मांडीवर एकावर एक हात ठेवले आणि स्टँडवर एसटीची वाट बघत बसावं तशी बसून राहिली.

ते मला बघवलं नाही. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "ती नदीकाठी आली आहे. पाणी भगरीच्या रंगाचं."

ती म्हणाली, "धुकं असेल."

"हो. धुकं आहे. तिच्या अंगात कोट आहे, ओल्या विटेचा. खांदा रिकामा."

"कुठली ती? पिवळीवाली की आपली?"

"आपली," मी म्हटलं.

मग सुरू झालं. सुरुवातीला मी एकेक वस्तू सांगत होते, पण सगळं सांगायला गेलं तर पडदा पुढे पळतो. हळूहळू कळलं, की काय सोडायचं ते ठरवावं लागतं. मागचे डोंगर सोडायचे आणि हात सांगायचे. कोण कोणाकडे बघतंय ते सांगायचं. रंग मात्र मी एकही सोडला नाही, कारण रंग म्हटला की तिचा चेहरा बदलायचा. आमच्या रिळांची नावं मी आठ महिने उच्चारली नव्हती. राजवाड्याचे पडदे शेजारणीच्या साडीचे होते, तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली की पुढचा माणूस वळला.

"काकू, जरा हळू. आम्हीही सिनेमा बघायला आलोय."

मैत्रिणीनं श्वास घेतला. तिचं उत्तर तयार होतं, मला माहीत आहे. पण त्याच्याशी मी बोलले. म्हटलं, "हिला दिसत नाही. मला सांगावं लागतं. माझा आवाज असाच आहे, हळू केला तरी जाडाच लागतो. तुम्हाला त्रास होत असेल तर आम्ही कडेला जाऊन बसतो."

त्यानं अंधारात आम्हा दोघींकडे पाहिलं. मग तो आणि त्याची बायको उठून दोन रांगा पुढे गेले. रागानं गेले की समजून, कळलं नाही. मैत्रीण हळूच म्हणाली, "मी ह्याहून वाईट बोलले असते." मग म्हणाली, "पुढे काय झालं ते सांग, कोणीतरी पळतंय."

ह्या भागातली गोष्ट अशी होती. पिवळा पक्षी गेल्यामुळे त्या मुलीला शहरात कोणी विचारत नाही. ज्याच्या खांद्यावर पक्षी नाही तो माणूसच नव्हे, असा तिथला न्याय. तिच्यासाठी गाता यावं म्हणून तिची मैत्रीण आपल्या टाकून दिलेल्या काळ्या पक्ष्याला शोधायला निघते. तो सापडतो एका पडक्या घाण्याच्या छपरात, म्हातारा झालेला. मी मैत्रिणीला सांगितलं, की आपल्याला मागे दिसला तसा तो काळा नाहीच. जवळून जांभळट दिसतोय, कोटाच्या अस्तरासारखा. ती मुलगी त्याला बोलवत नाही. नुसती बसून राहते आणि आपल्या भसाड्या आवाजात एकटीच गुणगुणते, आणि तो आपण होऊन खाली उतरतो. मैत्रिणीनं पुन्हा माझं मनगट धरलं.

शेवटी दोघी मैत्रिणी एका खिंडीत भेटतात. आता दोघी काळ्या पक्ष्याबरोबर राहतील, असं मला वाटलं. पण बिनपक्ष्याची मुलगी मान हलवते. पलीकडच्या दरीत पक्षी नसलेली माणसं राहतात, तिकडे ती एकटी जायला निघते. बोलणं काही नाही, नुसतं गाणं. ती हात सोडते आणि धुक्यात जाते. दुसरी तिथेच उभी राहते.

मी मैत्रिणीला म्हटलं, "दोघी हातात हात घालून परत निघाल्या. आता दोघी एकत्रच राहणार."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "डोळे गेलेत माझे, कान नाही. गाणारी एकच उरली आहे."

मी पुन्हा पडद्याकडे बघायला लागले.

"बटणंसुद्धा अशीच उसवून लावायचीस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या दिवशी हात लावला की कळायचं मला. तुझा टाका घट्ट असतो. मला वाटायचं, ही बोलत नाही म्हणजे एवढं काही नसेल. आणि मीही बोलले नाही. आता तरी तसं करू नकोस. जे आहे ते सांग."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पडदा नीट दिसत नव्हता. पदरानं डोळे पुसले आणि सांगितलं. "ती गेली. धुक्यात अर्धी दिसतेय. मागे वळून बघत नाही. आपली मुलगी कड्यावर उभी आहे, पक्षी खांद्यावर आहे. शाल खाली पडलीय, तिनं उचललेली नाही. ती रडत नाही. तोंड उघडून गातेय, ते तुला ऐकू येतंच आहे."

"आणि गेलेली?"

"आता दिसत नाही. पण पलीकडे दिवे आहेत. पाणचट चहाचे. बरेच आहेत."

"हां," ती म्हणाली. "मग जाऊ दे तिला."

दिवे लागले तरी आम्ही बसून होतो. झाडणारी माणसं आली तेव्हा उठलो. बाहेर बाकावर बसवून मी तिला पाणी दिलं. तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "आता मला सांग. मी कशी दिसते? घरात सगळे म्हणतात छान दिसतेस. आठ महिन्यांत आरसा नाही मला."

मी तिच्यासमोर उभी राहिले. खरं सांगायचं तर इतकं नीट तिच्याकडे मीही बघितलं नव्हतं.

म्हटलं, "केस सगळे पांढरे झालेत. रंग लावत नाहीस ना आता. कोऱ्या लठ्ठ्याच्या कापडासारखे पांढरे, पिवळट नाहीत. डावा डोळा थोडा बाहेरच्या बाजूला जातो. गाल बसलेत. कुंकू भुवईच्या बाजूला सरकलंय."

"कुठल्या भुवईच्या?"

"उजव्या."

तिनं बोट लावून पाहिलं. "आणि?"

"आणि तुझ्या आईसारखी दिसायला लागली आहेस. अगदी तशी."

तिनं दोन्ही हातांनी गाल चाचपले. फार बोलून गेले की काय, असं मला वाटलं. मग म्हणाली, "आई बरी दिसायची." आणि मला कुंकू सरळ करू दिलं नाही, स्वतःच केलं. ते थोडं डावीकडे गेलं. तेही मी तिला सांगितलं.

परत येताना रिक्षात बसल्यापासून तिनं मला थांबू दिलं नाही. कुठला चौक आला, कुठलं दुकान बंद झालं, त्याच्या जागी काय आलं. मी इतकं आयुष्यात बोलले नव्हते. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला बघू दिलं. तिच्या दारापर्यंत रिक्षा जाते, पण गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "इथेच उतरू. चालत जाऊ."

संध्याकाळचे सहा वाजले होते, गल्ली भरलेली. आठ महिन्यांनी ती तिथे पाय टाकत होती. तिनं माझं कोपर धरलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण कोण बघतंय?"

मी म्हटलं, "इस्त्रीवाला बघतोय. इस्त्री हातात तशीच धरली आहे, कपडा जळेल. वरच्या गॅलरीतून शेजारीण बघतेय."

"कुठली साडी?"

"गाऊन आहे. वर टॉवेल घेतलाय."

"चल," ती म्हणाली, "जरा सावकाश चल. आणि मोठ्यानं सांग, मला गोंगाटात ऐकू येत नाही."